माणूस नसलेला किनारा

"तिथे माणूस आहे," गिरिजा म्हणाली.

मी कपाळावर हात आडवा धरून पाहिलं. पांढरी वाळू, मागे नारळाची झाडं, आणि झाडांच्या सावलीत काहीतरी तपकिरी हलत होतं.

"माणूस नाही. बकरी आहे."

"बकरी आहे म्हणजे माणूस आहे. बकरी काय पोहत आली?"

तेवढ्यात नारळांमागून एक इसम लुंगी सावरत बाहेर आला आणि आमच्याकडे बघून हात हलवायला लागला. आमच्या डोंगीच्या मागच्या टोकाला बसलेल्या नावाडी नायडूनंही हात हलवला.

"कौन है?" मी विचारलं.

"मेरा साडू है, साब."

"तू तो बोला, उधर कोई नहीं रहता."

"रहता नहीं, साब. कभी कभी आता है."

गिरिजेनं पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि समोर बघत राहिली. याचा अर्थ, पुढे चला. नायडूनं इंजिनाची दोरी ओढली. साडू बराच वेळ हात हलवत उभा होता. बकरीनंही आमच्याकडे पाहिलं. तिलासुद्धा पाहुणे आवडत असावेत.

ही गोष्ट अंदमानातली आणि जुनी आहे. तेव्हा तिकडे हौसेनं कुणी जात नसे. त्याच्या आधी लोकांना शिक्षा म्हणून पाठवत, आमच्या वेळी बदली म्हणून पाठवायचे. फरक एवढाच, की बदलीत जादा भत्ता मिळे. माझं खातं कोणतं हे सांगत नाही. ते अजून आहे आणि पेन्शन तेच देतं.

गिरिजा बार्शीची. लग्न झालं आणि दोनच महिन्यांत माझी ऑर्डर आली. तिनं आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला तो मद्रासच्या धक्क्यावर, आणि लगेच त्याच्यावर बसून पोर्ट ब्लेअरपर्यंत यावं लागलं. "एवढं पाणी, आणि पिता येत नाही," ही तिची समुद्राविषयीची पहिली आणि पुढे बराच काळ एकमेव प्रतिक्रिया होती. बार्शीच्या माणसाला ते दुःख खोलवर लागतं.

आम्हाला लाकडी क्वार्टर मिळालं होतं. मधल्या भिंती फळ्यांच्या. मी काही बोलत असताना पलीकडे पिल्लैसाहेब शिंकले, की गिरिजा "सत्य आहे" म्हणायची. मीठ संपलं तर आम्ही मागायच्या आधी पिल्लैबाईंच्या घरून वाटी यायची. अशा घरात माणसं एकमेकांच्या फार जवळ राहतात. इतक्या जवळ, की स्वतःजवळ बसायला जागा उरत नाही.

गिरिजेला दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात तार आली, की तिची आई गेली. बोट नुकतीच सुटली होती. पुढची महिन्यानं. तारेवर लिहिलेलं सगळं वाचून झाल्यावर तिनं ती उलटी करून पाहिली, मागे काही लिहिलंय का. मागे काही नव्हतं.

तिच्या घशातून आवाज निघायच्या आत देवस्थळीवहिनी दारात उभ्या होत्या. पिल्लैबाईंनी कळवलं असणार. वहिनी म्हणजे आमच्या बेटावरच्या मराठी मंडळाच्या आई, अध्यक्ष, आचारी आणि पंचांग. यजमान बांधकाम खात्यात. वहिनींना तिथे पंधरा-वीस वर्षं झालेली. बेटावर आंब्याचा डहाळा मिळत नाही तेव्हा तोरण कशाचं लावायचं, संक्रांतीला तीळ संपले तर काय वाटायचं, हे सगळे निर्णय त्या देत आणि त्यावर अपील नसे.

"रडायचं नाही हं, पोरी," त्यांनी गिरिजेचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "पोटुशीनं रडायचं नसतं. मूल रडकं निघतं. आईला ते आवडेल का? नाही ना? मग गिळ."

गिरिजेनं गिळलं.

त्या दिवसापासून मंडळाच्या बायकांनी पाळ्या लावल्या. सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी मी. गिरिजेला एकटं सोडायचं नाही, आणि हसतं ठेवायचं. मंडळाच्या गणपतीत मी नकला करत असल्यामुळे माझ्यावर विशेष जबाबदारी होती. "भावजी, तुम्ही विनोदी माणूस," वहिनी म्हणाल्या. "तुमच्यासारखा नवरा असताना तिला रडू येतंच कसं?" मी औषधासारखे विनोद द्यायला लागलो, सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर.

गिरिजा हसायची. दारी आलेल्याला पाणी द्यावं तशी हसायची. ग्लास ठेवायचा, रिकामा झाला की उचलायचा.

असं करत सहावा महिना सरत आला. एक दिवस मी ऑफिसातून आलो, तर तिनं ट्रंक बाहेर काढून पुसून ठेवली होती.

"पुढची बोट कधी आहे?"

"महिनाअखेरीला. का?"

"बार्शीला जाते. दादाकडे."

पहिलं बाळंतपण माहेरी, यात नवल काही नव्हतं. पण तिचे आवाज मला माहीत झाले होते. मी विचारलं, "आणि परत कधी येशील?"

ती ट्रंकेचं कुलूप पुसत होती. "ते बघू," म्हणाली.

सरकारी नोकरीत माझी चार वर्षं झाली होती. 'बघू' या शब्दाचा अर्थ मला कुणी सांगायला नको होता. मी खुर्चीत बसलो आणि त्या संध्याकाळी मला एकही विनोद आठवला नाही. पलीकडे पिल्लैसाहेब शिंकले. गिरिजा काही म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनी डोहाळे विचारायला आल्या. तोवर गिरिजेला एकही डोहाळा लागला नव्हता. चिंच नाही, कैरी नाही, माती नाही. वहिनींच्या मते ही गोष्ट चिंताजनक होती.

"काहीतरी मागावंसं वाटत असेलच की गं! लाजू नकोस. भावजी आणतील."

गिरिजेनं बराच विचार केला. "एक किनारा हवाय," ती म्हणाली. "जिथं कुणी नाही असा."

"किनारा?"

"हो. जिथं माणूस नाही."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, मी वहिनींकडे. आमच्या सांगोल्यात बायकांना फार तर बोरं लागत.

"डोहाळा आहे," वहिनींनी निकाल दिला. "पुरवलाच पाहिजे. नाही पुरवला तर बाळाचे कान फुटतात."

मी त्या किनाऱ्यावर माझं सगळं लावलं. तिला सुंदरसा, निर्मनुष्य किनारा दाखवायचा. पायाशी लाटा, डोक्यावर सावली. तिला हे बेट आवडलं, की ट्रंक पुन्हा कॉटखाली जाईल. बोट यायला दोन-तीन आठवडे होते. नायडूची डोंगी ठरवली, आणि रविवारी पहाट फुटल्याबरोबर आम्ही निघालो. माघाचे दिवस. समुद्र तेल ओतल्यासारखा सपाट होता.

साडूच्या किनाऱ्यावरून आम्ही पुढे गेलो तर दुसऱ्या किनाऱ्याची बातमी आधी वासानं कळली. बांबूच्या मांडवावर मासे वाळत घातले होते. आम्ही जन्माचे शाकाहारी. गिरिजेनं पदर नाकाला लावला.

"इधर कौन?" मी विचारलं.

"मेरा साला," नायडू ओशाळून म्हणाला. "लेकिन वो सोता रहता है, साब. समझो नहीं है."

साला मांडवाखाली उठून बसला आणि त्यानं हाक मारून आम्हाला चहाला बोलावलं.

"पुढे चला," गिरिजा पदरातून म्हणाली.

"नायडू, या समुद्रात तुझा नातेवाईक नसलेली जागा आहे का रे?" मी मराठीतच विचारलं. त्याला ते कळलं.

"है, साब. अब ऐसा जगह दिखाएगा, भूत भी नहीं उधर." असं म्हणून त्यानं सूर्याकडे पाहिलं, मग किनाऱ्याकडे, आणि इंजिन एकदम हळू केलं. आम्ही घाईत असताना हा इसम सावकाश का चाललाय, हे मला समजेना. नंतर समजलं.

ती जागा मात्र खरोखर दृष्ट लागण्यासारखी होती. चंद्रकोरीसारखी वाळू, पाणी इतकं नितळ की डोंगीची सावली तळावर आमच्याबरोबर पोहत होती. मागे दाट झाडी, तिच्या फांद्या थेट वाळूवर वाकलेल्या. पाऊलसुद्धा उमटलेलं नव्हतं. म्हणजे मला तसं वाटलं. ओल्या वाळूवर शंख पाठीला घेतलेले खेकडे तेवढे फिरत होते. रिकामा शंख दिसला की आपला टाकून त्यात घुसायचं, ही त्यांची रीत. आमच्या खात्यात क्वार्टरचं वाटप याच नियमानं होई.

गिरिजा उतरली. तिनं चपला काढून हातात घेतल्या. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. कितीतरी दिवसांत तिचे खांदे असे खाली आलेले मी पाहिले नव्हते. ती माझ्याकडे वळली. काहीतरी सांगणार होती, ओठ उघडलेसुद्धा.

तेवढ्यात झाडीतून बायकांनी डोहाळ्याचं गाणं सुरू केलं.

आधी गाणं बाहेर आलं, मग देवस्थळीवहिनी बाहेर आल्या, मग हातात तबक घेतलेल्या बायका, त्यांच्यामागे सतरंज्या आणि डेगी घेतलेले पुरुष, आणि सर्वांत शेवटी खुद्द देवस्थळी, गळ्यात कॅमेरा. अख्खं मंडळ. फांदीला झोपाळा टांगून त्याला पानाफुलांनी मढवलेलं होतं.

"कसा आहे किनारा?" वहिनी आनंदानं लाल झाल्या होत्या. "कुण्णी म्हणजे कुण्णी नाही बघ! आम्ही उजाडायच्या आत येऊन, डोंग्या पलीकडे लपवून सगळं केलं. दोन मासेमार बसले होते इथे, त्यांना उठवून पाठवलं. म्हटलं, आमच्या मुलीला एकांत पाहिजे!"

मी नायडूकडे पाहिलं. तो इंजिनात काहीतरी शोधत होता.

यात वहिनींची काही चूक होती असं मला आजही म्हणवत नाही. पुण्याकडे नावेतलं डोहाळजेवण करायचं म्हणजे केवढी खटपट. इथे समुद्र अंगणात. लेकीला एकांत हवा, तर तो चारचौघांत, वाजतगाजत, पोटभर जेवण घालून द्यायचा, याहून दुसरी रीत आपल्याकडे आहे कुठे?

गिरिजेला हिरवी साडी गुंडाळली. रानफुलांचा मुकुट, रानफुलांच्या वाक्या. झोपाळ्यावर बसवली. दोन झाकलेल्या वाट्या पुढे आल्या. तिनं एक उघडली, बर्फी निघाली, मुलगी होणार म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुधाच्या पावडरीची बर्फी ऊन लागून पातळ झाली होती, म्हणून देवस्थळींनी हा पेढाही असू शकेल अशी शंका काढली. त्यांना गप्प बसवण्यात आलं. गिरिजा हसत होती. ग्लास ठेवत होती, उचलत होती.

"आता ओटी," वहिनी म्हणाल्या. खण-नारळ, फळं, तांदूळ असलेलं तबक त्यांनी उचललं. "पहिली ओटी आईची असते. आज आईच्या जागी मी आहे बरं का."

झोपाळा थांबला. गिरिजेनं पदर पुढे धरला. पहिली ओंजळ तांदूळ पडले, आणि मला दिसलं की पदर थरथरतोय. वहिनींनाही दिसलं.

"हसायचं! हसायचं हं! रडायचं नाही, बाळ ऐकतंय. भावजी, नुसते काय बघत उभे राहिलात? करा की एखादा विनोद!"

सगळं मंडळ माझ्याकडे बघायला लागलं. गिरिजाही. तिच्या तोंडावर हसू तसंच होतं, पण डोळे अशा माणसाचे होते, ज्याला पाण्याखाली धरून ठेवलंय आणि वरून लोक म्हणतायत, छान पोहतोस. मला विनोद येत होते. त्या क्षणी तर एकदम चार-पाच आले, आणि त्यातला एक फार चांगला होता.

"नायडू," मी म्हणालो, "इंजन चालू कर."

गिरिजा उठली. तिनं तांदूळ पदरात बांधले आणि मुकुट, वाक्या, हिरव्या साडीसकट सरळ पाण्याकडे चालायला लागली.

"अगं, ओटी अर्धी टाकून उठू नये!" वहिनी मागे धावल्या. "भावजी, हे काय?"

"वहिनी, डोहाळा पुरा झालेला नाही. इथे माणसं आहेत."

"कोण आहे इथे?"

मी सगळ्या मंडळाकडे पाहिलं. पुरुष डेगी घेऊन उभे होते. "आपण," मी म्हटलं, आणि डोंगीत चढलो.

नायडूनं कुठे जायचं हे विचारलं नाही. शेवटी गिरिजेनंच बोट दाखवलं. दूर दोन काळ्या खडकांच्या मध्ये वाळूची एक चिंधी दिसत होती. ना नारळ, ना सावली. फिरायला आलेल्या कुणाला दाखवावी अशी ती जागाच नव्हती.

"उधर कुछ नहीं है, साब," नायडू म्हणाला.

"पक्का?"

"पक्का. मेरा कोई रिश्तेदार भी नहीं."

डोंगी खडकाला लावली. गिरिजा गुडघाभर पाण्यात उतरली. मीही चपला काढून मागे उतरायला लागलो, तशी ती थांबली.

"तुम्ही पण नको."

"अगं, पण तू एकटी, अशा अवस्थेत..."

"माणूस नको म्हटलं ना मी? तुम्ही माणूसच की."

मंडळानं मला इतकं वाजवून विनोदी माणूस ठरवलं होतं, की कुणी नुसता माणूस म्हटल्याला बरेच दिवस झाले होते. मी चपला पुन्हा घातल्या. आम्ही डोंगी खडकाच्या अलीकडच्या अंगाला आणून लावली. नायडूनं विडी पेटवली.

मग तो आवाज आला.

पहिल्यांदा मला वाटलं एखादं जनावर आहे. नायडूची विडी पाण्यात पडली. "साब! दरद!" आम्ही दोघंही खडकावरून धावलो. वर पोचल्यावर मी नायडूचा दंड धरला आणि त्याला खाली बसवलं.

गिरिजा पाण्याच्या रेषेवर बसली होती. मुकुट बाजूला पडला होता. दोन्ही पंजांनी वाळूवर थापा मारत ती समुद्राकडे तोंड करून गळा काढून रडत होती. भाषासुद्धा बदलली होती तिची. माझ्याशी बोलते ती नव्हे. बार्शीची, पार आतली.

"आये, मला न सांगता कशी गेलीस गं! चार शब्दांची तार गं, आये! मी कुणाच्या गळ्यात पडू गं? इथं भिंतीला कान हाईत गं, आये! मला रडू दिना कुनी..."

लाटा येत होत्या, जात होत्या. तिला काही फरक पडत नव्हता. बार्शीकडे कुणी वारलं की पाच गावच्या बाया येतात, उंबऱ्यातूनच हंबरडा फोडतात, गळ्यात गळा घालतात. ती पाची गावं ती एकटी करत होती.

आम्ही खाली परत आलो.

"क्या हुआ, साब?"

"हमारी सास गुज़र गई."

"अरे! कब?"

"तीन-चार महीना हुआ."

नायडूनं मनाशी काही हिशेब केला. मग डोक्याला गुंडाळलेला पंचा सोडला, मांडीवर ठेवला आणि मान खाली घालून बसला.

थोड्या वेळानं दुसरी डोंगी आली. तीत देवस्थळीवहिनी उभ्या होत्या, उरलेल्या ओटीचं तबक दोन्ही हातांत सांभाळून. नवऱ्याला किनाऱ्यावर ठेवून एकट्याच आल्या होत्या. लुगडं पोटरीपर्यंत भिजवत त्या पाण्यातून माझ्यापर्यंत आल्या.

"अपशकुन करून ठेवलात ना! कुठे आहे ती? मी दोन मिनिटांत ओटी..." मग त्यांच्या कानांवर ते आलं. "काय झालं? कळा येतायत?"

"नाही."

त्यांनी कान दिला. "रडतेय? भावजी, थांबवा तिला! बाळाला..."

"वहिनी, बसा."

त्या बसल्या नाहीत. तबक तसंच धरून उभ्या राहिल्या. खडकापलीकडून "आये" आलं, की त्यांचा खालचा ओठ हलायचा. तिला काहीतरी उत्तर द्यायचं असावं तसा. बऱ्याच वेळानं त्या समुद्राकडे बघत बोलायला लागल्या. मला सांगत होत्या असं नव्हे.

"माझी आई गेली तेव्हा मी इथेच होते. पत्रानं कळलं. तेसुद्धा दिवस-वार होऊन गेल्यावर. थोरला पोटात होता. तेव्हाच्या बायकांनी मला खूप जपलं हो. एक मिनिट रडू दिलं नाही. रोज कुणीतरी हसवायला यायचं."

"मग?"

"मग काय? बाळंतपण झालं. मग धाकटा झाला. मग त्यांच्या शाळा, आमची क्वार्टरं बदलली..." त्या थांबल्या. "राहूनच गेलं."

शिवायचं ब्लाऊज राहून जावं, तशा म्हणाल्या.

त्यांनी तबक माझ्या हातात दिलं, पदर खोचला आणि खडकाला हात लावत पलीकडे गेल्या. मी आणि नायडू कान देऊन बसलो. गिरिजेचा आवाज थांबला. काही बोलणं झालं, ते ऐकू आलं नाही. मग गिरिजेचा आवाज पुन्हा सुरू झाला, आणि त्याच्या बाजूला दुसरा, बारीक, अडखळत. वहिनी कोकणातल्या. त्यांच्या घराण्यात मोठ्यानं रडायची पद्धत नव्हती, त्यामुळे सुरुवातीला त्यांना जमेना. गिरिजेनं त्यांना शिकवलं असावं. थोड्याच वेळात त्या तिच्यापेक्षा पुढे गेल्या.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा दोघी खडकाला वळसा घालून आल्या. नाकं लाल, डोळे सुजलेले, साड्यांना वाळू. एकमेकींना धरून चालत होत्या, आणि कोण कुणाला सांभाळतंय हे सांगता येत नव्हतं.

"जेवायला काय आहे?" गिरिजा म्हणाली.

तबकातली केळी तिनं खाल्ली. वहिनींनी आपली डोंगी मंडळाकडे परत पाठवली, पण आधी तिच्यातून पुरणपोळ्यांचा डबा काढून घेतला. तशा अवस्थेतही त्यांनी तो घेतला होता. दोन पोळ्या गिरिजेनं डोंगी सुटायच्या आत संपवल्या आणि तिसरी मोडून निम्मी नायडूला दिली. वहिनींनी ओटी मात्र तिथेच, चालत्या डोंगीत भरली. हसायला सांगितलं नाही.

पोर्ट ब्लेअरचा धक्का दिसायला लागला तेव्हा गिरिजा माझ्याकडे न बघता म्हणाली, "ती बोट महिनाअखेरीलाच येणार ना?"

"हो."

"मग दादाला तार करा. त्या बोटीनं डिंक पाठवायला सांगा. इथला डिंक बाळंतिणीच्या लाडवाला चालत नाही, वहिनी म्हणतात."

"खारकासुद्धा," वहिनी म्हणाल्या. "आणि बाळंतपण माझ्या घरी. तुमच्या त्या फळ्यांच्या घरात नव्हे."

मी पाण्याकडे तोंड फिरवलं. नायडूनं इंजिनाचा आवाज विनाकारण वाढवला.

मुलगी झाली. रडकी निघाली. सगळी मुलं रडतात तेवढीच, पण वहिनी प्रत्येक वेळी अभिमानानं म्हणायच्या, "बघा, सांगितलं नव्हतं मी?"

आणि त्या वर्षी आमच्या मंडळात एक साथ आली. एकामागून एक सगळ्या बायकांना डोहाळे लागले. त्यांतल्या निम्म्या जणींची मुलं कॉलेजात होती. जिला तिला तोच किनारा हवा असायचा. कुणाचे वडील गेले होते, कुणाची धाकटी बहीण, कुणाचं पहिलं मूल. त्या खडकापलीकडे जायच्या आणि आम्ही नवरे अलीकडे चहाचा थर्मास घेऊन बसायचो. बदल्यांविषयी बोलायचो. पलीकडचा आवाज वाढला, की आम्हीही बदल्यांविषयी मोठ्यानं बोलायचो. नायडू त्या मार्गावर आपल्या एकाही नातेवाइकाला फिरकू देत नसे.

मुलगी रांगायला लागली त्या सुमारास मला तार आली. माझे वडील, आमचे अण्णा, गेले. मी ती वाचली, गिरिजेला दाखवली, घडी घालून खिशात ठेवली, दिवसभर ऑफिसात काम केलं. संध्याकाळी मंडळात कुणाचा तरी निरोपसमारंभ होता, तिथे साहेबांची नक्कलही केली. चांगली झाली. लोक गडाबडा लोळले. गिरिजा तेवढी हसली नाही.

रविवारी उठून पाहतो तर धक्क्यावर नायडू तयार होता.

"कशाला?" मी म्हटलं. "मला काही झालेलं नाही."

"जाऊन तर या," गिरिजा म्हणाली.

मी एकटा खडकापलीकडे गेलो. वाळूत बसलो. अण्णा रोज संध्याकाळी सायकल पुसायचे, मग ती भिंतीला टेकवून दोन पावलं मागे जाऊन तिच्याकडे बघायचे, एवढंच मला सारखं दिसत होतं. काही वेळानं चष्मा पुसला, डोळे पुसले आणि परत आलो. अलीकडे गिरिजा मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. डोंगी सुटली.

बरंच अंतर गेल्यावर ती म्हणाली, "रडलात?"

"रडलो की."

"आम्हाला काही ऐकू आलं नाही."

मी मुलीचं टोपडं नीट करायला लागलो. गिरिजेनं नायडूकडे पाहिलं. नायडूनं मान हलवली; त्यालाही काही ऐकू आलं नव्हतं. त्यानं कुणाला न विचारता डोंगी वळवली.